पाण्याचे माहेर

माझे सारे बालपण पाटाच्या काठी गेले. श्रीरामपूर तालुक्यातील आमच्या गावाला नदी नाही. एक ओढा आहे, तो वर्षाचे आठ महिने कोरडा असतो. पण गावाच्या वरच्या अंगाने प्रवरेचा डावा कालवा जातो, आणि आमचा ऊस, आमचा गहू, आमची शाळा आणि आमच्या मुलींची लग्ने, सारे त्या पाण्याच्या जिवावर उभे राहिले. कालवा हा शब्द सरकारी कागदातला. आम्ही त्याला पाटच म्हणत असू, आणि अजूनही म्हणतो.

वडील या पाटावर पाटकरी होते. काळी हर्क्युलस सायकल, कॅरिअरला बांधलेली नोंदवही, खिशात दारांच्या कुलपांच्या किल्ल्या आणि डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, असे ते पाटाच्या भरावावरून दिवसभर फिरत. कोणत्या चारीला किती वाजता पाणी सोडायचे, कोणाचे दार केव्हा बंद करायचे, हे त्यांच्या हाती. आवर्तन सुरू झाले की आमच्या ओटीवर माणसे येऊन बसत. कोणी हक्काने बोले, कोणी गयावया करी. वडील सर्वांना एकच उत्तर देत, “पाळी आली की पाणी येईल.”

सायकल शिकलो तीही त्याच भरावावर. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला बाभळी. त्यामुळे तोल सांभाळण्याला पर्याय नव्हता. एकदा वडिलांच्या मागे कॅरिअरवर बसून जाताना मी विचारले, “हे पाणी येते कुठून?” “धरणातून.” “आणि धरण कुठे आहे?” “तिकडे वर, भंडारदऱ्याला.” “तुम्ही पाहिलंय?” ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाही. एकदा जाऊ आपण.”

आम्ही गेलो नाही. एकतीस वर्षे त्यांनी त्या पाण्याची दारे उघडली आणि लावली, पण ते पाणी जेथे जन्मते ते ठिकाण न पाहताच ते गेले. मी पुढे इतिहासाचा मास्तर झालो. पानिपत शिकवले, प्लासी शिकवली, फ्रान्सची राज्यक्रांतीही शिकवली. घरापुढून वाहणाऱ्या पाण्याचा इतिहास मात्र कोणत्या पाठ्यपुस्तकात नव्हता, म्हणून मीही तो कधी शिकवला नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, गेल्या मार्गशीर्षात, तो योग आला. माझी नात यंदा दहावीत आहे. सायकलचे वेड तिला माझ्याकडून आलेले. “आजोबा, धरणाला सायकलवरून प्रदक्षिणा घालू,” ही कल्पना तिचीच. भाच्याच्या पिकअप गाडीत दोन सायकली टाकून संगमनेर, अकोले, राजूर अशा वाटेने आम्ही शेंडीला पोहोचलो. शेंडी हे धरणाच्या पायथ्याचे गाव. तेथून दक्षिणेच्या काठाने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. पुढे डोंगर चढून साम्रद आणि घाटघर. आणि परतताना उत्तरेच्या काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत असे हे कडे आहे. सारा फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. मोटार दोन तासांत तो उरकते. आम्ही दोन दिवस घेतले.

निघण्यापूर्वी धरणाच्या भिंतीपाशी थांबलो. त्या भिंतीची हकीकत मी आदल्या महिन्यात वाचनालयात बसून जमवली होती, ती नातीला सांगितली, वाचकांनाही सांगतो.

१८७६ ते १८७८ चा, पुढे १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा, असे तीन दुष्काळ नगर जिल्ह्याने पंचवीस वर्षांत भोगले. शेवटच्या दुष्काळात माझा पणजोबा खडी फोडायच्या कामावर होता, एवढे आमच्या घरी सांगत. या मरणसत्रानंतर सरकारने १९०१ मध्ये पाटबंधाऱ्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला, आणि दख्खनच्या कोरड्या पट्ट्याला सह्याद्रीच्या पावसाचे पाणी पुरवायचे हा विचार पक्का होत गेला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते नदीच्याच पात्रातून खाली सोडायचे, आणि मैदानात बंधारा घालून कालव्यात वळवायचे, अशी ती योजना. दारणेचे धरण त्यातूनच झाले, आणि प्रवरेवरचे हे धरणही. भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला १९२६ साल उजाडले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाला त्यांचे नाव मिळाले आणि जलाशयाला आर्थर हिल या इंजिनिअरचे. भिंत दगडी, उंची सुमारे २७० फूट. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत तिची गणना होती. पोटात पाणी मावते ११ अब्ज घनफूट. १९६९ मध्ये भिंतीला तडा जाऊन गळती लागली होती, तेव्हा मागून टेकू देऊन ती बळकट करण्यात आली.

येथून सुटलेले पाणी रंध्याच्या कड्यावरून उडी घेते, आणि संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यापाशी त्याला दोन वाटा फुटतात, डावा कालवा आणि उजवा कालवा. त्या पाण्यावर १९२० च्या दशकात हरेगावची साखर कंपनी उभी राहिली. त्याच पाण्यावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीचा सहकारी साखर कारखाना निघाला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्याचे पहिले पान उसाचे असेल, पण त्याच्याही आधीचे पान या डोंगरातल्या पावसाचे आहे.

“मग या भिंतीमुळेच पणजोबांना नोकरी मिळाली?” नात म्हणाली.

“आणि मला शाळा मिळाली,” मी म्हणालो. आम्ही सायकलींवर बसलो.

सायकलचा एक गुण मला या वयात नव्याने उमगला. तिच्यावरून जाणाऱ्याला रस्त्यावरचा माणूस परका मानीत नाही. मोटारीतून उतरलेल्याला लोक ‘साहेब’ म्हणतात. धापा टाकीत चढ चढणाऱ्या म्हाताऱ्याला ‘बाबा, पाणी घ्या’ म्हणतात. मुतखेलच्या पुढे नातीच्या चाकात काटा गेला. पंक्चर काढायला आम्ही एका खळ्याशेजारी बसलो, तर भात झोडणारी मंडळी काम थांबवून भोवती जमली. एकाने ट्यूब बुडवून पाहायला पितळेची परात आणून दिली. नातीने ठिगळ लावले तेव्हा सर्वांनी तिचे कौतुक केले, आणि मला ‘तुम्हाला येत नाही का?’ असे विचारले.

काठाने जाणारी ती वाट फार सुंदर आहे. उजव्या हाताला पाणी, निळे आणि निश्चल. पलीकडे कळसूबाईची रांग. डाव्या हाताला कापणी झालेली भाताची खाचरे, त्यांवर रचलेल्या उडव्या, आणि मधूनमधून दाट झाडी. हा सारा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे हे राखलेले रान आहे. येथे बिबट्या आहे, आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे. कोलटेंभ्याजवळ एका उंच झाडावरून तांबूस शेपटीचा झुपका सरकन पुढे गेला. नातीने पाहिला, मला नुसती फांदी हललेली दिसली. पावसाळ्याच्या तोंडी येथे झाडे काजव्यांनी लखलखतात. ते पाहायला शेकडो मोटारी येतात, आणि त्यांच्या दिव्यांपुढे बिचाऱ्या काजव्यांची जोडीदाराला दिलेली खूण कोठल्या कोठे विरून जाते. मार्गशीर्षात काजवेही नसतात आणि गर्दीही नसते.

वाटेत नात एकदम म्हणाली, “आजोबा, इथला पाटकरी कुठे राहतो?”

“इथे पाटच नाही, तर पाटकरी कुठला?” मी सहज म्हणून गेलो, आणि पुढचा चढ संपेपर्यंत माझेच उत्तर माझ्या मनात फिरत राहिले. एवढे मोठे धरण. पण त्याच्या या वरच्या काठाने एक चारी दिसेना, की एक दार.

संध्याकाळी रतनवाडीला पोहोचलो. गावात अमृतेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे, शिलाहारांच्या काळातले मानतात. बाहेरच्या भिंतीवर एक वीत जागा कोरीवकामावाचून सोडलेली नाही. मंदिराशेजारी पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत मूर्ती बसवलेल्या आहेत. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढते आणि पिंडी बुडून जाते. समुद्रमंथनातले अमृत येथे सांडले आणि त्याचीच प्रवरा झाली, म्हणून ती अमृतवाहिनी, अशी कथा. मागे रतनगड उभा आहे. त्याच्याच अंगावरून नदी निघते. तीच खाली नेवाशाहून वाहते, आणि तेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. एवढी थोर नदी येथे लहान ओहोळाएवढी आहे. नातीने एका उडीत ती ओलांडली.

मंदिराला आम्ही शास्त्राप्रमाणे अर्धी प्रदक्षिणा घातली. शंकराच्या पिंडीवरचे पाणी जेथून बाहेर पडते ती वाट ओलांडायची नसते, तेथून माघारी फिरायचे. तेव्हा मला हसू आले. आम्ही पाटाखालच्या लोकांनी शंभर वर्षे या पाण्याची अशीच अर्धी प्रदक्षिणा केली. पाणी बाहेर पडते त्या तोंडापाशी उभे राहून आम्ही ते घेतले. पलीकडच्या बाजूला कोण राहते ते पाहायला कोणी गेलो नाही.

त्या रात्री आम्ही गावातल्या एका घरी उतरलो. घर महादेव कोळ्यांचे. घरची म्हातारी सत्तरीच्या पुढची, पण चुलीपुढून उठताना हात टेकीत नव्हती. नागलीची भाकरी, उडदाचे वरण आणि ठेचा असे तिने वाढले. कोठले, कोण, अशी चौकशी झाली. मी श्रीरामपूरचे नाव सांगताच ती म्हणाली, “म्हंजी पाटाखालचे तुमी.”

“हो. माझे वडील पाटकरी होते.”

“माझ्या सासऱ्याची खाचरं हाईत तिथं,” तिने दारातून अंधाराकडे हात केला. अंधारात पाणी होते. “धरण झालं तवा गेली. त्येच्या बापानं ती दगड उपसून केलेली. मंग वर डोंगराला सरकलो.”

मी विचारले, आता पाण्याचे कसे? ती म्हणाली, “पावसाळ्यात घरातबी पाणी. चैत्र लागला की हंडा घेऊन उतरायचं. नळ आलाय, कधी येतो कधी न्हाई.” मग तव्यावरची भाकरी उलटीत, अगदी शांतपणे, जणू हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे म्हणाली, “पाऊस आमचा, पानी तुमचं.”

त्यात तक्रार नव्हती. असती तर मला काही उत्तर देता आले असते. मी घास गिळला आणि भाकरी फार चांगली झाली आहे असे म्हणालो.

झोप लवकर आली नाही. घाटघर-रतनवाडीला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात; येथे जेवढा पाऊस कोसळतो त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आमच्याकडचा शेतकरी समाधान मानतो. तरीही चैत्रात येथली बाई हंडा घेऊन उतार उतरते, आणि तिच्या पावसावर खाली आम्ही उसाला इतके पाणी पाजले की कालव्याकाठच्या कितीतरी जमिनी पाणथळ आणि चोपण होऊन गेल्या. वडिलांच्या नोंदवहीत प्रत्येक चारीचे, प्रत्येक गटाचे, प्रत्येक तासाचे पाणी लिहिलेले असे. तिच्या सासऱ्याच्या खाचरांना त्या वहीत रकाना नव्हता. यात वडिलांचा दोष नव्हता. वही तशीच छापून आली होती.

सकाळी रतनगड उन्हात आला. साम्रदचा चढ आम्ही सायकली हाती धरून चढलो. अशा चढावर बोलायला वेळ असतो. मी नातीला राघोजी भांगरे यांची हकीकत सांगितली. या किल्ल्यांची राखण पिढ्यान्‌पिढ्या कोळी नाईकांकडे होती. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला, किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, हक्क आणि वेतने आटली, आणि पाठोपाठ सावकार आला. राघोजींचे वडील रामजी यांनी बंड केले. पुढे १८४४ पासून राघोजींनी सावकारांवर आणि सरकारवर शस्त्र धरले. चार वर्षे हा सारा मुलूख त्यांनी हलवून सोडला. १८४८ च्या जानेवारीत त्यांना पंढरपुरात पकडले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले.

“किल्ला गेला, मग जमीन गेली,” नात बोटे मोडीत म्हणाली, “आणि आता जंगल अभयारण्य झालं. मग यांचं काय राहिलं?”

मी गप्प राहिलो, कारण प्रश्न सोपा नव्हता. अभयारण्य झाले नसते तर या काठावर आज काय काय उभे राहिले असते, त्याची कल्पना करवत नाही. ही झाडी उरली म्हणूनच झरे उरले, आणि झरे उरले म्हणून नदी. पण झाडी राखण्याचे श्रेय कागदावर १९८६ पासून सुरू होते. ती त्याच्या आधी ज्यांनी राखली, ज्यांनी हिरडा वेचला पण झाड तोडले नाही, देवाच्या नावाने रान सोडून दिले, त्यांना पाहुण्यांसाठी तंबू ठोकणारे एवढीच ओळख आता उरावी, हे बरे नव्हे.

घाटघरला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. येथे जमीन एकाएकी संपते. कोकणकड्याच्या टोकावर उभे राहिले की खाली शहापूरचा मुलूख नकाशासारखा पसरलेला दिसतो. आपल्या पायाशी पडणारा थेंब एक पाऊल इकडे पडला तर गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, एक पाऊल तिकडे पडला तर अरबी समुद्राला. माणसाने या कड्याचाही उपयोग केला आहे. २००८ मध्ये येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. विजेची मागणी वाढली की वरच्या तळ्यातले पाणी कड्याखाली सोडून वीज करायची, आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचे. नातीला हे फार आवडले. “म्हणजे पाणी वर चढवता येतं तर!” ती म्हणाली. एवढेच म्हणाली, पण मला रात्रीचा हंडा आठवला.

परतीची वाट उताराची. उडदावणे, पांजरे, मुरशेत. पेडल न मारता पाऊण तास आम्ही वाऱ्यावर आलो. उन्हे कलत होती आणि तलावावर डोंगरांच्या सावल्या लांबत होत्या. शेंडीला भिंतीपाशी आलो तेव्हा आवर्तन चालू होते. पाणी फेसाळत, गर्जत खाली निघाले होते. त्याला अजून लांब जायचे आहे. मध्ये निळवंड्याचे धरण आहे; त्याची कल्पना १९७० च्या सुमाराची आणि कालव्यांत पाणी सुटले २०२३ मध्ये. इतकी वर्षे वाट पाहिलेली गावे तेथे आहेत. खाली आम्ही आहोत. आमच्याही खाली जायकवाडी आहे, आणि २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आल्यापासून दुष्काळी सालांत मराठवाड्यासाठी पाणी सोडावे लागते. तेव्हा आमच्याकडे सभा होतात, मोर्चे निघतात. ‘आमचे पाणी’ असे फलक मीही पाहिले आहेत. एकदा हातातही धरला आहे. आता तो धरताना रतनवाडीची चूल डोळ्यांपुढे येईल.

वडिलांची बाजू मी सोडणार नाही. त्या पाण्याने पणजोबाच्या हातातला खडी फोडायचा हातोडा सोडवला, हे मी विसरलो तर कृतघ्न ठरेन. भिंत बांधू नये होती असे म्हणण्याचा मला अधिकार नाही; तिच्यावर मी शिकलो आहे. पण पाळी आली की पाणी येईल, असे वडील ओटीवरच्या प्रत्येकाला सांगत, आणि त्यांच्या हातून कोणाची पाळी कधी चुकली नाही. शंभर वर्षे होत आली. ज्यांच्या अंगणात ते पाणी जन्मते त्यांची पाळी अजून लागायची आहे. तेवढे आता वहीत लिहिले गेले पाहिजे.

निघताना म्हातारीकडून मी दहा किलो तांदूळ विकत घेतला होता. ती पैसे घेईना. नातीने हट्टाने तिच्या हाती कोंबले. तो तांदूळ घरी वर्षभर डब्यात राहिला. परवा सूनबाई म्हणाली, अनारशाला जुना तांदूळच लागतो, तो काढते. तीन दिवस तो भिजत पडला होता, काल कुटला. आज घरात गूळ आणि खसखशीचा वास भरून राहिला आहे. पहिला घाणा निघाला तेव्हा नातीने पाच अनारसे बाजूला काढून एका डब्यात ठेवले.

“हे कुणाचे ग?” मी विचारले.

“रतनवाडीच्या आजीचे. भाऊबीज झाली की सायकली काढायच्या आहेत ना, आजोबा?”

चाकांत हवा भरायला मी आताच उठतो आहे.